घरचा वाफा

अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचा विचार आपल्या पूर्वजांनी जितका केला तितका जगात क्वचितच कोणी केला असेल. आणि त्या विचारापायी जितका अन्याय केला तितकाही क्वचितच कोणी केला असेल. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या चुलीवरचे चालत नाही, कोणाची पंगत कोणापासून किती अंतरावर मांडावी, या हिशेबात आपल्या समाजाची कित्येक शतके खर्ची पडली. तो हिशेब संपला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तो उघडपणे मांडण्याची सोय राहिली नाही, एवढे मात्र खरे. आणि नेमक्या अशा वेळी शुद्ध अन्न हा शब्द नवा वेष घेऊन पुन्हा आपल्या दारात उभा राहिला आहे. आता तो सोवळे नेसून येत नाही. पाकिटावरच्या हिरव्या शिक्क्यातून येतो. या नव्या शुद्धतेला शास्त्राचा आधार आहे, तीत कोणाचा विटाळ नाही, आणि तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही गेल्या माघात एका मळ्यात घालविलेल्या सकाळीने आम्हाला जो पेच घातला तो अद्याप सुटलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही तिघे स्नेही सांगे तालुक्यात, नेत्रावळीच्या बाजूला, एका पर्यटकनिवासात दोन रात्री राहिलो होतो. एक इंदूरचे, एक बेळगावचे आणि तिसरा घरचा, म्हणजे प्रस्तुत लेखक. निवास कोणाचा हे सांगण्याचे प्रयोजन नाही. व्यवस्था चोख होती आणि माणसे आर्जवी होती. जेवणघराच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर रोज सकाळी खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहीत: तांबडी भाजी, अळसांद्याचे तोंडाक, भरली वांगी, तांबडा उकडा भात. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरांत, हे सारे आमच्या शेजारच्या मळ्यातले, विषमुक्त, अशी नोंद. पाहुण्यांना मळा दाखविण्याचीही सोय होती. चहा घेऊन आम्ही निघालो.

मळा म्हणजे एका बागाईतदाराची वडिलोपार्जित जमीन. वर डोंगराच्या कुशीत कुळागर, खाली सपाटीला भाजीचे वाफे आणि भाताची दोन-तीन कुणगी. झरीचे पाणी पाटाने माडापोफळींतून खेळत खाली येते. पोफळीवर मिरवेल चढलेली, तिच्या सावलीत केळी, केळींच्या पायाशी अळू. ज्याने कुळागर पाहिले आहे त्याला सेंद्रिय शेती हा शब्द जरा उपराच वाटतो. पडलेली झावळी तिथेच कुजते, कुजलेली तिथेच लागते; या बागेत पिढ्यानुपिढ्या हेच चालत आले. नवलाई होती ती खालच्या मळ्यात. सरदीचे भात निघाल्यावर वायंगणात तिथे भाजी लावतात, आणि भाजीला कीड लागते. म्हणून खरी परीक्षा तिथेच.

मालक स्वतः हिंडून दाखवीत होते. वांग्यांच्या ओळींत झेंडू लावला होता. काकडीच्या पानांवर चुलीतली राख शिंपली होती. एका पिंपात जीवामृत मुरत होते: दोनशे लिटर पाणी, देशी गाईचे दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. ही कृती सुभाष पाळेकरांची. विदर्भातल्या या शेतकऱ्याला २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांची कृती आता कोणत्याही भाषेच्या खेड्यात आढळते. जरी स्वतः पाळेकरांना आपल्या शेतीला सेंद्रिय म्हटलेले मुळीच रुचत नाही.

पुढे कोपऱ्यात खताचे ढीग होते. एकावर एक थर: पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख. ते पाहताच आमचे इंदूरचे स्नेही थबकले. म्हणाले, “अहो, हे तर आमचे!” मालकांना तो विनोद वाटला, परंतु स्नेह्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने ही पद्धत बसविली. तीन महिन्यांत खत तयार. मध्ये ढीग ठरावीक वेळी उलथायचा. जगभर तिला आजही इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे, ही गोष्ट इंदूरकरांखेरीज फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही. सेंद्रिय शेती या अर्थाचा इंग्रजी शब्द रूढ झाला तो त्यानंतर, १९४० साली, नॉर्थबोर्न नावाच्या एका सरदाराच्या पुस्तकातून. हॉवर्डचा मोठेपणा असा की तो शिकवायला आला आणि शिकू लागला. या देशातला शेतकरी आणि पिकावरची कीड या दोघांना त्याने आपले गुरू मानले. आमच्या स्नेह्यांनी हे सर्व त्या ढिगाशेजारी उभे राहून सांगितले. ऐकणाऱ्यांत मळ्यात काम करणाऱ्या दोन बायका होत्या, त्यांना अर्थातच त्या ढिगात नवल करण्यासारखे काही दिसत नव्हते.

मग मालकांनी वही दाखविली. केंद्र सरकारची प्रमाणीकरणाची योजना २००१ सालापासून चालू आहे. तिच्याप्रमाणे वार्षिक पिकाच्या जमिनीला दोन वर्षे आणि बागाईतीला तीन वर्षे रसायनांपासून दूर राहावे लागते, तेव्हा कुठे शिक्का मिळतो. त्या वर्षांत उत्पन्न घटते आणि भाव मात्र साधाच मिळतो. मालकांनी ती वर्षे काढली होती, आणि निवासाने माल घेण्याचे वचन दिले म्हणूनच काढता आली, असे ते मोकळेपणाने म्हणाले. वहीत सारे होते: बियाणे कोठले, खत कोणते, कोणत्या तारखेला काय शिंपडले, शेजाऱ्याच्या शेतापासून अंतर किती. तोडलेली भाजी निवडली जाते, वाकडी वांगी आणि किडकी भेंडी बाजूला पडते. ती गाईला किंवा ज्याला हवी त्याला. बाकीची टोपल्यांत भरून नऊच्या आत स्वयंपाकघरात.

इथपर्यंत आम्हाला कोणताही पेच पडला नव्हता. उलट, आदल्या रात्रीच्या वांग्यांची चव पुन्हा जिभेवर आली होती.

साडेबाराच्या सुमारास फणसाखाली त्या दोन बायका जेवायला बसल्या. थोरलीचे वय साठीच्या घरातले असावे. डब्यात पेज, खारातली तोर, वाटीत कोबीची भाजी. भात पांढरा होता. एवढा तांबडा भात याच मळ्यात पिकत असताना हा पांढरा कोठला, असे आम्ही सहज विचारले.

“हे हांगाचे न्हय, बाब. रेशनाचे.”

“आनी भाजी?”

“सांगेंच्या बाजारांतली. बेळगांवची.”

आमचे बेळगावचे स्नेही शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत.

आम्ही थोडे पुढे गेलो, आणि पुढे जायला नको होते असे आता वाटते. इथला तांदूळ तुम्ही का खात नाही, असे आम्ही विचारले. ती हसली. तो तांदूळ हॉटेलाला जातो, हे तर उघडच होते. पण तिने दिलेले कारण निराळे होते. “तो शिजपाक वेळ लागता, बाब. लांकडां कोण हाडटलो?” शिवाय रेशनचा तांदूळ अन्नसुरक्षा कायद्याखाली दरमाणशी पाच किलो मिळतो, २०२३ पासून फुकट मिळतो, फुकटचे टाकून विकतचे कोण खाईल? तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आधी ती आणि तिचा नवरा दुसऱ्या एका बागेत कामाला होती. नवरा पाठीवर पंप बांधून फवारणी करी. फवारणीच्या दिवशी रात्री त्याला उलट्या होत, डोळ्यांना अंधुक दिसे. “हांगा वखद मारिनात,” ती म्हणाली. “तें पुरो.”

दुपारी निवासाच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बेळगावचे स्नेही आपण होऊन सांगू लागले. त्यांचे भाऊबंद बेळगावच्या उत्तरेकडे एका खेड्यात कोबी-फ्लॉवर करतात. गोव्याच्या बाजाराची बरीचशी भाजी चोर्ल्याच्या घाटाने तिकडूनच उतरते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पडते आणि आठवड्यात गड्डा चाळणीसारखा होतो, म्हणून औषध. औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, तांबडा सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हेही छापलेले असते. परंतु बाजार चढला की तो दिवसांचा हिशेब कोण पाहतो? “आणि एक सांगतो,” ते म्हणाले, “विहिरीशेजारी आमचा एक घरचा वाफा आहे. त्याच्यावर कधी फवारणी होत नाही. घरात भाजी त्याच वाफ्यातली शिजते. मी जातो तेव्हा वहिनी मला पिशवी भरून त्यातलीच देतात.”

त्या फणसाखालच्या वाटीतला कोबी त्यांच्या भाऊबंदांचा असेलच असे नाही. पण नसेलच असेही त्यांना म्हणता येईना.

पेच तो हाच. घाटावर एक शेतकरी आहे. तो विषारी विकतो आणि निर्विष खातो. घाटाखाली एक मजूर बाई आहे. ती निर्विष पिकविते आणि घाटावरचे विषारी विकत घेऊन खाते. दोघांच्या मध्ये आम्ही, जे काही पिकवीत नाही आणि पैसे टाकून दोघांतले उत्तम तेवढे उचलतो. यात दोषी कोण?

घाटावरच्या शेतकऱ्याला दोषी ठरविणे सर्वांत सोपे. आपल्या मुलाच्या ताटात जे वाढायला आपण धजत नाही ते दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात पाठविणे याला नीतीच्या कोणत्याही पंथात क्षमा नाही. परंतु तो घरचा वाफा एकीकडे त्याच्या अपराधाचा पुरावा आहे, तशी त्याच्या जाणिवेचीही खूण आहे. चांगले काय हे त्याला पक्के ठाऊक आहे. ते सगळ्या शेतात करायचे तर मधली दोन वर्षे कोण पोसणार, हे त्याला ठाऊक नाही. सांग्याच्या बागाईतदाराला एक पर्यटकनिवास भेटला. घाटावरच्या प्रत्येक कोबीवाल्याला तसा कोठून भेटावा?

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? उत्तम विकावे आणि सामान्य खावे, हा तर संसाराचा जुना रिवाज आहे. रापणकर विसवण बाजारात पाठवितो आणि घरी तारले शिजतात. मानकुराद विकला जातो आणि पोरे घोटांवर ताव मारतात. गवळ्याच्या घरी ताक, तूप गिऱ्हाइकाकडे. या युक्तिवादाने आम्हालाही काही काळ समाधान दिले, हे कबूल केले पाहिजे. परंतु तो टिकत नाही. विसवण आणि तारले यांत फरक चवीचा आणि किमतीचा आहे. तारले खाऊन कोणाचे बिघडत नाही, उलट आमच्यासारख्या कित्येकांना तेच अधिक आवडतात. चवीचा त्याग करून चार पैसे गाठीला बांधणे ही काटकसर झाली. पण जिथे निवड चवदार आणि बेचव यांत नसून निर्धोक आणि धोक्याचे यांत आहे, तिथे तिला काटकसर म्हणता येणार नाही. निर्धोक अन्न ही चैनीची वस्तू झाली, की गरिबाच्या ताटातले अन्न आपोआप संशयित ठरते, आणि ते तसे ठरविण्यात आपल्या प्रत्येक खरेदीचा थोडा हात असतो.

शास्त्रकारांनी या बाबतीत एक सूक्ष्म भेद केला आहे. आहार शुद्ध असेल तर चित्त शुद्ध होते, अशा अर्थाचे छांदोग्य उपनिषदातले वचन प्रसिद्ध आहे. शंकराचार्यांनी तिथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेला विषय असा अर्थ करून ताटाचा प्रश्न बाजूला सारला. रामानुजाचार्यांनी मात्र अन्नाचा विचार अन्न म्हणूनच केला, आणि एका जुन्या वाक्यकाराच्या आधारे अन्नाचे तीन दोष मानले. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाच्या स्वभावातला. दुसरा आश्रयदोष, म्हणजे ते अन्न ज्याच्याकडून आले त्याचा. तिसरा निमित्तदोष, म्हणजे केस, माती, उष्टे अशा काही कारणाने आलेला. आमच्या ध्यानात आले की मळ्यातली ती वही यांतले दोन दोष कसोशीने पाहते. जनुकीय फेरफार केलेले बियाणे तिला चालत नाही, हा जातिदोषाचा विचार. वाऱ्याने उडून आलेला फवारा चालत नाही, हा निमित्तदोषाचा. आश्रयाचा रकाना मात्र तीत नव्हता.

नसावा हेच बरे, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे आम्हाला समजते. आश्रयदोषाच्या नावाखालीच आपण माणसांना दाराबाहेर उभे केले. ज्याने पिकविले त्याचाच स्पर्श अन्नाला बाधतो असे मानणारा विचार मातीत गेला तर कोणी शोक करू नये. पण मूळ प्रश्न त्या विचाराबरोबर पुरला जाऊ नये. हे अन्न ज्याच्या हातून आले त्याच्याशी आपण कसे वागलो, तो काय जेवला, हा आश्रयाचाच प्रश्न आहे. फक्त दोषाचे तोंड फिरले आहे. पूर्वी आपण पिकविणाऱ्याकडून आपल्याला काय लागेल याची भीती बाळगली. आता खाणाऱ्याकडून पिकविणाऱ्याला काय लागते हे पाहावयाचे आहे. महाभारतात श्रीकृष्ण दुर्योधनाच्या पक्वान्नांना नकार देतात तेव्हा ती पक्वान्ने नासकी होती म्हणून देत नाहीत. अन्न प्रेमाने खावे किंवा आपत्तीत खावे, येथे दोन्ही नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. मग ते विदुराकडे जातात, आणि लोकांनी त्या जेवणाला कण्यांचे रूप देऊन ते कायमचे स्मरणात ठेवले. जगातल्या सेंद्रिय चळवळीने २००५ साली जी चार तत्त्वे स्वीकारली त्यांत आरोग्य, परिसर आणि काळजी यांच्या बरोबरीने न्याय हेही तत्त्व आहे. चळवळीला ते सुचले. शिक्क्यावर ते उमटलेले आम्हाला दिसले नाही.

हा सर्व विचार करताना आम्ही एक चूक करीत होतो, आणि ती रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आली. विषमुक्त हा शब्द आम्ही ताटाच्या बाजूने वाचीत होतो. ती बाई तो पाठीवरच्या पंपाच्या बाजूने वाचीत होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडोंना इस्पितळात ठेवावे लागले. ते कापूस खाणार नव्हते. विष प्रथम लागते ते फवारणाऱ्याच्या कातडीला, श्वासाला, डोळ्यांना. खाणाऱ्यापर्यंत त्याचा अवशेष पोहोचतो. आणि तरी शुद्धतेच्या साऱ्या जाहिराती त्या अवशेषाविषयीच बोलतात. आपल्या मळ्याचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला आहे हे फळ्यावर खडूने लिहिणाऱ्याला माहीत नव्हते. फणसाखाली पेज जेवणारीला माहीत होते, आणि तिने तो दोन शब्दांत सांगितला होता. आमची कणव तिला नको होती. आमच्या कणवेत, खरे म्हणजे, ती जे मिळवून बसली होती त्याची दखलच नव्हती.

म्हणून पेच सुटला का? तसे वाटत नाही. नवऱ्याच्या डोळ्यांपुढचा अंधार गेला, हे मोठेच झाले. म्हणून बाजारातला कोबी खावा लागणे हे न्याय्य होत नाही. रात्री आम्ही जेवलो. फळ्यावर लिहिलेले सारे पानात होते. आमच्या एका ताटाची किंमत तिच्या दिवसाच्या रोजापेक्षा अधिक होती, हे बिल पाहून कळले. बेळगावच्या स्नेह्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला नाही. इंदूरच्या स्नेह्यांनी घेतला आणि म्हणाले, अन्न टाकून कोणाचे भले होते? त्यांचेही बरोबर होते.

निघण्यापूर्वी सकाळी आम्ही व्यवस्थापकांना एक सूचना केली: निवडीत बाजूला पडणारी भाजी कामकऱ्यांनी ‘हवी तर’ न्यावी असे न ठेवता तिच्यातला हिस्सा त्यांना रोजाबरोबर बांधून द्यावा, आणि पाहुण्यांकडून त्यासाठी ताटामागे थोडे अधिक घ्यावे. त्यांनी ती सौजन्याने लिहून घेतली. पुढे काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही. बेळगावच्या स्नेह्यांनी परत गेल्यावर भावाला म्हटले की घरच्या वाफ्याशेजारचे एक कुणगे दोन वर्षे औषधाशिवाय करून पाहा, तोटा झाला तर निम्मा माझा. भावाने विचारले, तोटा होणार नाही याची हमी कोण देणार? या विषयावर त्यांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आमची गाडी मळ्याच्या कडेने चालली होती तेव्हा ती बाई वाटेवर उभी होती. हातात तांबड्या भाजीच्या दोन जुड्या, केळीच्या सोपाने बांधलेल्या. तिच्या दारात न्हाणीच्या पाण्यावर एक लहानसा वाफा आहे, त्यातल्या त्या होत्या. पैसे देऊ केले तर तिने हात मागे घेतले. इतके दिवस याच गोष्टी चघळीत असल्यामुळे असेल, बेळगावच्या स्नेह्यांच्या तोंडून प्रश्न निघून गेला: हिच्यावर काही घातले आहे का? ती खळखळून हसली.

“मातसो युरिया घाला, बाब. बेगीन येता.”

एक जुडी त्यांनी घेतली, एक आम्ही. मडगावला पोहोचेपर्यंत पाने मलूल झाली होती. संध्याकाळी कांदा आणि ओले खोबरे घालून भाजी केली, आणि ताटात काही उरले नाही.